गच्चीवरचा कर्णा

पडद्यावर दिसतो आहे तो प्लायवूडचा कर्णा, म्हणजे आकाशातले रेडिओतरंग टिपणारी साधी दुर्बीण, पुण्यातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला आहे. चार समलंब फळ्या कापायच्या, त्यांना आतून ॲल्युमिनियम फॉइल चिकटवायची आणि कोपऱ्यांतल्या सांध्यांवर फॉइलचा धागा कुठे तुटलेला नाही ना, हे मल्टिमीटरची टोके बोटबोट पुढे सरकवत तपासायचे, या कामात त्यांचे बरेच शनिवार गेले. कर्ण्याचे तोंड पाऊण मीटर रुंद आहे आणि मागच्या चौकोनी डब्यात तांब्याची एक तार उभी केली आहे. तिची लांबी सुमारे 5 सेंटिमीटर ठेवण्याचे कारण आकाशात आहे. अवकाशातला उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेला हायड्रोजन 21 सेंटिमीटर तरंगलांबीचे, म्हणजेच 1420.4 मेगाहर्ट्झचे रेडिओतरंग सोडतो, आणि तार त्या लांबीच्या चतुर्थांशाएवढी असली की तो संकेत ती चांगला टिपते. तारेला खेटूनच ॲम्प्लिफायर बसवला आहे, कारण संकेत इतका क्षीण असतो की तो आधी लांब केबलमधून खाली आणला तर केबलच्या गोंगाटातच बुडून जातो. त्यापुढे एक फिल्टर, एक यूएसबी रिसीव्हर आणि कोणाचा तरी जुना लॅपटॉप, एवढीच ही वेधशाळा.

ही युक्ती नवी नाही. हार्वर्ड विद्यापीठात 1951 साली हॅरल्ड यूइन आणि एडवर्ड पर्सेल यांनी हायड्रोजनचा हा संकेत प्रथम पकडला तोही प्लायवूडच्याच कर्ण्याने. तो कर्णा प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसवलेला होता आणि येणारेजाणारे विद्यार्थी नेम धरून त्यात बर्फाचे गोळे टाकत, असे सांगतात.

आपल्याकडे पदार्थविज्ञानाच्या पदवीला खगोलभौतिकी बहुतेक ठिकाणी पर्यायी पेपर म्हणून येते. ताऱ्यांच्या प्रती (म्हणजे तेजाच्या पायऱ्या), हर्ट्झस्प्रुंग-रसेल आकृती, साहा समीकरण, हबलचा नियम असा तो अभ्यासक्रम आहे आणि कागदावर त्यात फारसे काही कमी नाही. श्वेत बटू ताऱ्याच्या वस्तुमानाची कमाल, म्हणजे चंद्रशेखर मर्यादा 1.4 सूर्यवस्तुमानाची, हे विद्यार्थी बिनचूक लिहून येतात. पण स्वतः एकही वेध न घेता या पेपरात उत्तम गुण मिळवता येतात, आणि ही गोष्ट आपल्याला खटकेनाशी झाली आहे.

पुण्यात हे नेहमीच असे नव्हते. खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नायगामवाला यांना 1882 साली भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी 5000 रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारने तितकीच भर घातली, आणि 1888 साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) आवारात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिथली ग्रब कंपनीची 20 इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती, आणि ती एका महाविद्यालयाच्या मालकीची होती. जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगामवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. ते निवृत्त झाल्यावर 1912 साली वेधशाळा बंद करण्यात आली आणि दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेकडे रवाना झाली.

आता आपण गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात आहोत. समोर काळ्या दगडाच्या भिंती दिसतात ती आयुकाची, म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्राची, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आरेखित केलेली वास्तू. विद्यापीठांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एरवी आवाक्याबाहेरची साधने वापरता यावीत, या हेतूने विद्यापीठ अनुदान आयोगाने 1988 साली ही संस्था स्थापन केली आणि जयंत नारळीकर तिचे संस्थापक-संचालक झाले. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे दाखवणारा फुकोचा लंबक इथे टांगला आहे, त्याच्याकडे थोडा वेळ पाहत राहावे. ध्रुवावर त्याच्या आंदोलनाची दिशा साधारण दिवसभरात एक फेरा पुरा करील. पुण्याच्या साडेअठरा अंश अक्षांशावर मात्र त्याला पंचाहत्तर तासांहून अधिक वेळ लागतो. घड्याळ आणि कोनमापक घेऊन तासभर उभे राहिलेल्या विद्यार्थ्याला जवळपास पाच अंशांचा फरक मोजता येतो आणि त्यावरून आपला अक्षांश काढता येतो.

गच्चीवर संध्याकाळ झाली आहे आणि आभाळ ढगाळ आहे. साध्या दुर्बिणीला ही रात्र वाया गेली असती, पण 21 सेंटिमीटरच्या तरंगाला ना ढग अडवतात, ना शहराचे दिवे. पावसाळ्याचे चार महिने दुर्बिणी झाकून ठेवाव्या लागणाऱ्या महाराष्ट्रात पदवीच्या वर्गासाठी याहून सोयीचे उपकरण मिळणे कठीण आहे. मोबाइलच्या मनोऱ्यांचा उपद्रव होतो, तरी 1400 ते 1427 मेगाहर्ट्झचा पट्टा खगोलनिरीक्षणासाठी राखीव असल्यामुळे नेमकी हवी ती जागा मोकळी सापडते.

कर्णा आधी जमिनीकडे वळवतात, कारण तिचे तापमान साधारण 300 केल्विन धरून मोजणीचे माप बसवता येते. मग तो आकाशगंगेच्या पट्ट्यावर आणतात. हात लांब करून दोन मुठी शेजारी शेजारी धरल्या तर जेवढे आकाश झाकले जाईल, जवळपास तेवढे तो एका वेळी पाहतो. काही मिनिटांची सरासरी घेतल्यावर वर्णपटाच्या सपाट रेषेतून एक उंचवटा वर येतो. तोच हायड्रोजनचा संकेत. वायू आपल्याकडे येत असेल किंवा दूर जात असेल तर हा उंचवटा थोडा बाजूला सरकतो आणि त्यावरून वायूचा वेग कळतो. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेला असे दोन उंचवटे दिसतात. एक आपल्या परिसरातल्या वायूचा. दुसरा सेकंदाला सुमारे 50 किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने येणाऱ्या वायूचा, जो आकाशगंगेच्या ययाती नावाच्या सर्पिल भुजेत आहे. गरुडापासून हंसापर्यंत कर्णा थोडा थोडा सरकवत प्रत्येक ठिकाणचा कमाल वेग लिहिला, त्यात आकाशगंगेच्या केंद्राभोवती सूर्याच्या स्वतःच्या भ्रमणाचा वाटा मिळवला आणि आलेख काढला की केंद्रापासून बाहेर येताना भ्रमणवेग म्हणावा तसा उतरत नाही, हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आपल्याच वहीत दिसते. कृष्णद्रव्याची, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याची, चर्चा अशा आलेखापासून सुरू व्हायला हवी. वर्गात ती बहुधा व्याख्येपासून सुरू होते.

खगोलशास्त्रातल्या नोकऱ्या मोजक्या आहेत आणि यांतले बरेच विद्यार्थी पुढे संगणकक्षेत्रात जातील, हेही खरे.

नारायणगावजवळच्या खोडदला, द्राक्षांच्या मळ्यांच्या पलीकडे जीएमआरटीच्या, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर असून अशा 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ही दुर्बीण गच्चीवरच्या कर्ण्याने ऐकलेला हायड्रोजनचा तोच संकेत दूरच्या दीर्घिकांमधून टिपते. सगळ्या तबकड्यांचे संकेत एकत्र जुळवून ती एका प्रचंड दुर्बिणीसारखी काम करते, आणि हे पाहून आल्यावर विद्यार्थ्यांनी दुसरा कर्णा बांधायला घेतला. दोघांचे संकेत जुळवून सूर्याचा वेध घ्यायचा बेत आहे. त्यासाठी दोन्ही रिसीव्हरना एकाच घड्याळाचे ठोके मिळावे लागतात, आणि सध्या काम तिथे अडले आहे.