गर्भ राहतो, पण टिकत नाही

दोन-तीन वेळा गर्भपात झाला की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "आता वाट बघू नका, आयव्हीएफ करून टाका." म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. दरवेळी आनंदाची बातमी सांगायची तयारी झालेली असते आणि दरवेळी सोनोग्राफीच्या खोलीतून गप्प बाहेर यावं लागलेलं असतं. आता काहीतरी मोठं, खात्रीचं करावं असं सगळ्यांनाच वाटतं. आज मला त्या "करून टाका"बद्दलच बोलायचं आहे.

आयव्हीएफ, म्हणजे गर्भ प्रयोगशाळेत तयार करून पिशवीत सोडण्याचं तंत्र, कुणासाठी निघालं ते आधी बघू. १९७८ साली इंग्लंडमध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्या आईच्या गर्भनलिका बंद होत्या. आपल्याकडे १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र यशस्वी केलं. या तंत्रामागचा मूळ प्रश्न होता, गर्भ राहतच नाही तर काय करायचं? तुमच्यापैकी बऱ्याच जणींचा प्रश्न हा नाही. तुमचा गर्भ राहतो, आपोआप राहतो, आणि सातव्या-आठव्या-नवव्या आठवड्यात ठोके थांबतात. म्हणजे आधीच पार केलेल्या दारापर्यंत तुम्हाला नेऊन सोडणारा हा उपचार आहे. दारापलीकडे काय बिघडतंय, ते आधी शोधायला हवं.

शोध कधी सुरू करायचा, यावर डॉक्टरांतही एकमत नाही. ब्रिटनमध्ये तीन गर्भपातांनंतर 'वारंवार' हा शब्द वापरतात. युरोप आणि अमेरिकेतल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटना दोननंतरच तपासणीचा विचार करा म्हणतात. मी दोनच्या बाजूची आहे. "तिसऱ्यांदा झालं तर बघू" हे वाक्य एखाद्या बाईला ऐकवणं मला कधीच पटलेलं नाही, आणि ती छत्तीस-सदतीसची असेल तर मुळीच नाही.

पहिली आणि सर्वांत दुर्लक्षित तपासणी गर्भाचीच. पहिल्या तीन महिन्यांतल्या निम्म्याहून अधिक गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. तो दोष बहुतेकदा त्या एका बीजापुरता असतो. आईने जिने चढल्याने, पपई खाल्ल्याने, स्कूटरवरून ऑफिसला गेल्याने तो होत नाही, आणि कितीही बेड रेस्ट घेतली तरी तो दुरुस्त होत नाही. सासूबाई आल्या असतील तर हे वाक्य मी मुद्दाम त्यांच्यासाठी पुन्हा म्हणते: ती घरी झोपून राहिली असती तरीही हे झालंच असतं.

ही तपासणी करायची तर तयारी आधी लागते. पिशवी साफ करायची वेळ आली की नमुना सवयीने फॉर्मालिनच्या बाटलीत जातो आणि पॅथॉलॉजीकडे पोचतो. फॉर्मालिनमध्ये पेशी मरतात, मग गुणसूत्रांसाठी त्या वाढवता येत नाहीत. नमुना निर्जंतुक सलाईनमध्ये, लगेच जनुकीय प्रयोगशाळेत जायला हवा. म्हणून ऑपरेशनच्या आधीच, सही करण्यापूर्वी विचारा, "नमुना गुणसूत्र तपासणीला पाठवणार का?" आणखी एक: रिपोर्ट 'नॉर्मल' आला तर तो आईच्या पेशींचा तर नाही ना, हे प्रयोगशाळेने आईच्या रक्ताशी ताडून पाहिलंय का, तेही विचारा. त्या क्षणी हे सुचणार नाही, मला माहीत आहे. सोबत येणाऱ्याने लक्षात ठेवावं.

आता आईच्या रक्ताच्या तपासण्या. यातली सर्वांत महत्त्वाची अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडींची. यात शरीर अशा अँटिबॉडी तयार करतं की रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि वार नीट रुजत नाही. ही तपासणी एकदा करून भागत नाही. किमान बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह आली तरच निदान पक्कं. निदान पक्कं झालं तर त्यावर उपचार आहे, कमी मात्रेचं ॲस्पिरिन आणि पोटावर रोज घ्यायची हेपॅरिनची इंजेक्शनं. पण निदान नसताना हीच औषधं दिली तर? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत कारण न सापडलेल्या ३६४ स्त्रियांना ॲस्पिरिन, ॲस्पिरिनसोबत हेपॅरिन, किंवा औषध नसलेली नुसती खोटी गोळी दिली. जिवंत बाळ जन्मण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. आपल्याकडे मात्र पाळी चुकली की इंजेक्शनं सुरू, असं सर्रास चालतं. प्रत्येक टोचण्यामागे कारण असायला हवं.

थायरॉइड आणि साखर तपासणं स्वस्त आहे आणि गरजेचं आहे. गर्भाशयाचा आकार त्रिमितीय सोनोग्राफीने छान कळतो. आत पडदा दिसला तर तो काढावा का, यावर वाद आहे. काढल्याने गर्भ टिकतोच, असं सिद्ध झालेलं नाही. तेव्हा रिपोर्ट हातात आल्या आल्या ऑपरेशनची तारीख घेऊ नका, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

टाक्याबद्दल मला नेहमी विचारतात. पिशवीच्या तोंडाला घालतात तो टाका आपल्या शिरोडकरांचा. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत काम केलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी १९५५ साली ही पद्धत मांडली आणि आज ती जगभर त्यांच्या नावाने चालते. मला त्याचा फार अभिमान आहे. पण तो टाका चौथ्या-पाचव्या महिन्यात, कळा न येता तोंड उघडून गर्भ जातो त्यांच्यासाठी आहे. आठव्या आठवड्यात ठोके थांबणाऱ्या गर्भाला त्याचा उपयोग नाही.

आणि नवरा. बायकोची फाइल दोन इंच जाड होते आणि त्याचा एकही कागद तिच्यात नसतो. नवरा-बायको दोघांच्या रक्ताची गुणसूत्र तपासणी करता येते. थोड्या जोडप्यांत कुणा एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे जागा बदलून बसलेले असतात. त्या व्यक्तीला काहीच त्रास नसतो, पण गर्भात हिशोब चुकतो. शुक्राणूंच्या डीएनएची तपासणीही काही वेळा करतात. तंबाखू, सिगारेट, दारू आणि वजन या गोष्टी तिच्याइतक्याच त्याच्याही आहेत.

काही तपासण्या मी करू नका म्हणेन. टॉर्च ही काही संसर्ग शोधणारी रक्त तपासणी आपल्याकडे गर्भपात झाला की जवळजवळ आपोआप लिहिली जाते. वारंवार गर्भपाताचं कारण तिच्यातून सापडत नाही, मग पॉझिटिव्ह रिपोर्टवर महिनोन्महिने औषधं चालतात. रक्तातल्या एनके पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेतल्या एक प्रकारच्या पेशी, मोजूनही पुढचं काही ठरत नाही. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा उपचार तर १९९९ सालच्या मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरला. उलट नुकसानाची शंका आली. तो अजूनही कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा.

मग आयव्हीएफ कधी? गर्भनलिका बंद असतील, शुक्राणू फार कमी असतील, गर्भ राहायलाच वर्षं जात असतील, तर जरूर. गुणसूत्रांची अदलाबदल असेल, तर गर्भ तपासून सोडण्याचा पर्याय आहे. अशा जोडप्यांना नैसर्गिकरीत्याही निरोगी मूल होऊ शकतं, हेही त्यांना सांगितलं गेलं पाहिजे. दोन किंवा अधिक गर्भपात झालेल्या स्त्रीला गर्भजल तपासणीसारख्या निदानाची मुभा गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यातच दिलेली आहे. लिंग मात्र सांगितलं जाणार नाही आणि विचारायचंही नाही. वय अडतीस-चाळीस असेल तर वेळ हाच मोठा प्रश्न असतो आणि सगळं लवकर बोलावं लागतं. पण चाळिशीत सर्व गर्भ तपासून एकही सोडण्याजोगा न निघणं हेही घडतं. एका फेरीला लाखाच्या वर खर्च येतो. दागिने मोडण्याआधी, पीएफ काढण्याआधी तुमच्या वयाला, तुमच्या कारणासाठी, बाळ घरी येण्याची शक्यता किती ते विचारा. नुसता 'यशाचा आकडा' ऐकून घेऊ नका. गर्भ राहण्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

जवळपास निम्म्या जोडप्यांत सगळं तपासून कारण मिळत नाही. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून रडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, कारण पकडायला काहीच हाती लागत नाही. त्यांना मी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासाबद्दल सांगते. कारण न सापडलेल्या स्त्रियांपैकी साधारण ७५ टक्के जणींची पुढची गर्भधारणा यशस्वी झाली. सुरुवातीपासून सोनोग्राफी आणि आधार होता, खास औषध नव्हतं. वय जसं वाढतं तसा हा आकडा खाली येतो. पण पंचविशी-तिशीतल्या बाईसाठी "पुन्हा प्रयत्न करा" हासुद्धा विचार करून दिलेला सल्ला असतो. आधी गर्भपात झालेल्या स्त्रीला पुढच्या खेपेला रक्तस्राव सुरू झाला, तर योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा फायदा दिसतो. २०१९च्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीनंतर तिथे तसं देऊ लागले. म्हणून डाग दिसला तर रात्रभर वाट न बघता फोन करा.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक माहिती, जी फार कमी जणींना असते. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा होती, आणि २०२५मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. कितीतरी जणी दोन दिवसांची आजारपणाची रजा टाकून, पोटात कळा असताना मीटिंगला बसतात. हा कायदा लागू असलेल्या ठिकाणी तुम्ही काम करत असाल तर ही रजा मिळणं हा तुमचा हक्क आहे. दवाखान्यातून निघतानाच गर्भपाताचा दाखला मागून घ्या, त्यावर तारीख आहे ना ते बघा, आणि त्याची एक प्रत ऑफिसला द्या.