सिसिली: गव्हाच्या देवीचं बेट

[दृश्य: पेर्गुसा तळं, सकाळ]

सिसिलीच्या जवळजवळ मध्यावर, उंच डोंगरमाथ्यावर एन्ना हे शहर वसलं आहे. तिथून काही किलोमीटरवर पेर्गुसा नावाचं तळं. आज या तळ्याभोवती मोटारींच्या शर्यतीचा डांबरी ट्रॅक आहे. पण ग्रीक-रोमन जगातली एक फार मोठी कथा याच काठावर घडली, असं प्राचीन लोक मानत.

डिमीटर ही धान्याची देवी. तिची मुलगी पर्सिफोनी इथे मैत्रिणींसोबत फुलं वेचत होती. अचानक जमीन दुभंगली, पाताळाचा राजा हेडीस रथातून वर आला आणि तिला उचलून घेऊन गेला. किआनी नावाच्या जलदेवतेने त्याची वाट अडवली. त्याने तिला जुमानलं नाही, आणि दुःखाने तिचं पाणी पाणी झालं. सिराक्यूज शहराजवळ तिच्या नावाचा झरा अजून वाहतो आणि त्याच्या पात्रात पपायरस या उंच पाणगवताची बनं वाढतात.

आईने एत्ना ज्वालामुखीच्या आगीवर दोन मशाली पेटवल्या आणि लेकीला शोधत ती जगभर फिरली. सर्वात जास्त संताप तिने काढला तो सिसिलीवर. तिने इथले नांगर मोडले आणि बियाणं शेतातच मारलं. शेवटी देवांना मधे पडावं लागलं. पण पर्सिफोनीने पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले होते, त्यामुळे वर्षाचा काही काळ तिला खालीच राहावं लागणार होतं.

तो काळ म्हणजे हिवाळा, असं साधारणपणे सांगितलं जातं. सिसिलीचं शेत मात्र वेगळं बोलतं. इथे पहिल्या पावसानंतर, शरदात गहू पेरतात. हिवाळाभर डोंगर हिरवेगार असतात. जूनमध्ये कापणी होते, आणि मग दोन-तीन महिने सगळं रान करपून जातं. धान्य कोठारात, वर नुसती धूळ. म्हणून काही अभ्यासकांच्या मते पर्सिफोनीचं पाताळात जाणं म्हणजे हा कोरडा उन्हाळा आहे. मला हा अर्थ अधिक पटतो, कारण तो शेतकऱ्याच्या वर्षातून आलेला आहे.

[दृश्य: एत्ना, मग नकाशा]

सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सर्वात मोठं बेट. क्षेत्रफळ सुमारे 25,700 चौरस किलोमीटर. इटली, आफ्रिका आणि ग्रीस या तिघांच्या वाटेवर ते आहे. ज्याच्या हाती हे बेट, त्याच्या सैन्याला भाकरीची ददात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इसवी सनपूर्व आठव्या शतकात ग्रीक वसाहती आल्या. सिराक्यूज वसवलं ते कोरिंथच्या लोकांनी. पुढे गेलॉन तिथला सत्ताधीश झाला. त्याचं घराणं पाताळातल्या देवींचं वंशपरंपरागत पुजारी होतं. इ.स.पू. 480 मध्ये हिमेरा इथे त्याने उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या सैन्याचा पराभव केला, आणि त्याच सुमारास सिराक्यूजमध्ये अथीना देवीचं मोठं देऊळ उभं राहिलं.

[दृश्य: सिराक्यूजचं कॅथेड्रल, कॅमेरा भिंतीजवळ]

ते देऊळ आजही उभं आहे. फक्त ते ओळखायला भिंतीजवळ जावं लागतं. या चर्चच्या बाजूच्या भिंतीत डोरिक शैलीचे जाडजूड खांब अर्धे आत, अर्धे बाहेर दिसतात. त्यांच्या उभ्या पन्हळी हाताला लागतात. सातव्या शतकात खांबांमधली जागा दगडांनी भरून देवळाचं चर्च केलं. अरबांच्या काळात त्याची मशीद झाली, पुढे फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांच्या काळात पुन्हा चर्च. 1693 च्या भीषण भूकंपानंतर पुढची बाजू बरोक शैलीत नव्याने बांधली गेली. अडीच हजार वर्षं माणसं याच जागी हात जोडत आली आहेत.

याच शहरावर इ.स.पू. 415 मध्ये अथेन्सने आरमार धाडलं. दोन वर्षांत त्या मोहिमेची धूळधाण झाली. सात हजारांहून जास्त कैदी सिराक्यूजच्या दगडखाणींत कोंडले गेले. माणशी रोज साधारण पाव लिटर पाणी आणि अर्धा लिटर मापाचं धान्य. धान्याच्या या बेटावर शत्रूला उपासमारीने मारण्यात आलं.

मग रोम आलं. कार्थेजशी झालेल्या पहिल्या प्युनिक युद्धानंतर, इ.स.पू. 241 मध्ये, बेटाचा बहुतेक भाग रोमच्या ताब्यात गेला. इटलीबाहेरचा हा रोमचा पहिला प्रांत. इ.स.पू. 212 मध्ये सिराक्यूजही पडलं, आणि त्या धामधुमीत आर्किमिडीज एका सैनिकाच्या हातून मारला गेला. पिकाचा दहावा हिस्सा करापोटी रोमला जाऊ लागला. शेतं मोठी होत गेली आणि राबायला गुलाम आले.

[दृश्य: छोटं कांस्य नाणं, अगदी जवळून]

हे नाणं नीट पाहा. एका बाजूला डिमीटरचं मुख, दुसऱ्या बाजूला गव्हाची ओंबी आणि ‘राजा अँटिओकस’ ही अक्षरं. हा राजा कोण? सीरियातून आणलेला युनस नावाचा गुलाम. इ.स.पू. 135 च्या सुमारास एन्नामध्ये गुलामांनी उठाव केला आणि युनसला ‘अँटिओकस’ या नावाने राजा केलं. तीनेक वर्षं त्यांनी रोमच्या सैन्याला दाद दिली नाही. ज्या ओंबीसाठी ते राबत होते, तीच त्यांनी आपल्या नाण्यावर उमटवली. उठाव चिरडला गेला, युनस कैदेत मेला. ते इवलंसं नाणं मात्र टिकलं. मला ते कुठल्याही विजयस्तंभापेक्षा मोठं वाटतं.

साठेक वर्षांनी या बेटावर वेरीस नावाचा रोमन सुभेदार आला. तीन वर्षांत त्याने बेट धुऊन काढलं. धान्यकर वाढवून वसूल केला, आणि एन्नाच्या देवळातली डिमीटरची प्राचीन मूर्तीही पळवली. इ.स.पू. 70 मध्ये सिसेरो या रोमन वकील-वक्त्याने त्याच्यावर खटला चालवला. पुरावे गोळा करायला तो एन्नाला गेला, तेव्हा देवीचे पुजारी त्याला सामोरे आले आणि लोक रडत होते. ते वाढीव कराबद्दल बोलले नाहीत, देवीबद्दल बोलले. सिसेरो म्हणतो, जणू पाताळाचा राजाच पुन्हा एन्नाला आला, आणि या वेळी त्याने लेकीला नाही, खुद्द आईला पळवलं.

[दृश्य: पालेर्मो]

रोमनंतर व्हँडल, गॉथ, बायझंटाइन आले. पण बेटाचं रूप बदललं ते अरबांनी. 827 मध्ये ते माझारा इथे उतरले, 831 मध्ये पालेर्मो घेतलं, आणि जवळजवळ संपूर्ण बेट ताब्यात यायला 902 साल उजाडलं. त्यांनी पाण्याचे हौद आणि पाट बांधले, लिंबू, नारिंग, ऊस, कापूस रुजवला. गव्हाच्या जोडीला बागायत आली.

1061 पासून नॉर्मन सरदारांनी हे बेट जिंकत नेलं, पण अरबांचं ज्ञान त्यांनी टाकलं नाही. राजा दुसरा रॉजर याच्या दरबारात अल-इद्रिसी या भूगोलतज्ज्ञाने 1154 मध्ये आपला जगाचा भूगोल पुरा केला. पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी गव्हाच्या पिठाच्या शेवया बनतात आणि जहाजं भरभरून बाहेर जातात, ही नोंद त्यातच आहे. आणि त्याच ग्रंथात आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या सोपाऱ्याचंही वर्णन आहे.

[दृश्य: संगमरवरी शिलालेख]

पालेर्मोत ग्रिझांदुस नावाच्या धर्मगुरूने आपल्या आईच्या, आन्नाच्या, स्मरणार्थ हा शिलालेख कोरून घेतला. बाराव्या शतकातली ही शिळा. हिब्रू, लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा चार लिप्या, आणि प्रत्येकीत त्या-त्या समाजाच्या कालगणनेप्रमाणे तारीख. हा एकोपा फार टिकला नाही. शंभर वर्षांच्या आत सम्राट दुसरा फ्रेडरिक याने उरलेल्या मुसलमानांना इटलीच्या मुख्य भूमीवरच्या लुचेरा गावी हलवलं. स्पॅनिश अमलात, 1492 च्या फर्मानाने ज्यूंनाही जावं लागलं.

स्पॅनिश शतकांतही गहू बाहेर जात राहिला आणि गावं उपाशी राहत राहिली. 13 डिसेंबरला, सांता लुचियाच्या दिवशी, सिसिलीत आजही बरेच लोक पाव आणि पास्ता खात नाहीत. 1646 च्या दुष्काळात या दिवशी धान्याचं जहाज बंदराला लागलं, आणि दळायलाही न थांबता लोकांनी गहू तसाच उकडून खाल्ला, अशी आठवण सांगतात. त्या पदार्थाला ‘कुच्चिआ’ म्हणतात. अख्खे गहू भिजवून, शिजवून, त्यात रिकोटा चीज आणि साखर घालायची. आपल्या गव्हाच्या खिरीची बहीणच ती.

1860 मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गॅरिबाल्डी मार्सालाला उतरला आणि सिसिली इटलीत सामील झाली. जमीन मात्र जमीनदारांकडेच राहिली. 1893 मध्ये खंडकरी आणि मजूर संघटित झाले. सरकारने लष्कर पाठवलं. 1 मे 1947 रोजी पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्राच्या माळावर कामगारदिनाला जमलेल्या शेतकऱ्यांवर जुलियानो या दरोडेखोराच्या टोळीने गोळ्या झाडल्या. अकरा माणसं गेली. मोठ्या जमिनी फोडणारा कायदा 1950 साली आला, तोवर लाखो सिसिलियन अमेरिकेची वाट धरून गेले होते.

[दृश्य: मोर्गान्तिनाचे अवशेष]

एन्नाच्या आग्नेयेला, आयदोने गावाजवळ मोर्गान्तिना या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. इथे डिमीटर आणि पर्सिफोनीची ठाणी होती. विसाव्या शतकात चोरांनी ती रात्री-बेरात्री उकरली. दोन मीटरहून उंच अशी एक देवीमूर्ती, अंग चुनखडकाचं, चेहरा आणि हात संगमरवराचे, 1988 मध्ये अमेरिकेतल्या गेटी म्युझियमने 1 कोटी 80 लाख डॉलरना घेतली. तिला आधी अ‍ॅफ्रोडाइटी म्हटलं गेलं. आज अनेक अभ्यासक ती डिमीटर किंवा पर्सिफोनी असावी असं मानतात. 2011 मध्ये ती आयदोनेला परत आली.

गेटीकडेच भाजलेल्या मातीचं एक पुरुषी मस्तकही होतं. दाढीच्या कुरळ्या बटा वेगळ्या घडवून चिकटवलेल्या, आणि निळ्या रंगवलेल्या. मोर्गान्तिनाच्या उत्खननात अशीच एक निळी बट सापडलेली होती. ती या दाढीशी जुळली आणि मस्तक कुठून चोरलं हे सिद्ध झालं. ते मस्तक हेडीसचं. 2016 मध्ये तोही परतला.

लॉस एंजेलिसमध्ये या मूर्ती कितीतरी जास्त लोकांनी पाहिल्या असत्या, असं म्हणणारे आहेत. आयदोने हे आडबाजूचं छोटं गाव, हे खरंच. पण या मूर्ती पाहण्यासाठी घडवल्याच नव्हत्या. त्या पेरणीआधी आणि कापणीनंतर पुजण्यासाठी होत्या, आणि ती शेतं इथे आहेत. आयदोनेच्या संग्रहालयात आज देवी आणि हेडीस एकाच छपराखाली आहेत, आणि बाहेरच्या उतारांवर पास्त्याचा तो टणक ड्युरम गहू दर वर्षी पेरला जातो.