ग्वारी मडक्यावरची नक्षी

श्रोतेहो, नमस्कार. नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेवर, मागच्या बाजूला, मडकं घडवणारी एक बाई आहे. ती लाडी क्वाली, ग्वारी समाजातली कुंभारीण. या समाजाची पाण्याची मडकी कशी होतात आणि त्यांवर नक्षी कशी उठते, ते आज पाहू.

इथे चाक नसतं. मातीचा गोळा मुठीने पोखरून भिंत वर ओढायची, मग जाड वळ्या एकावर एक चढवायच्या. मडकं जागच्या जागी. बाईच त्याच्याभोवती उलट्या पावलांनी फिरते. भोपळ्याच्या कवचाच्या तुकड्याने भिंत घासून पातळ करतात. खालचा भाग आवळण्याआधी वरचं वजन चढवलं तर पोट बसतं. उलट, खालची कड फार सुकली तर नवी वळी धरत नाही, आणि पुढे तडा नेमका त्या सांध्यावर जातो.

नक्षीचं सगळं गणित ओलाव्याचं. पीळ दिलेली दोरी किंवा खाचा पाडलेली लाकडी कांडी तळव्याखाली धरून भिंतीवर लाटली की खरबरीत पट्टे उठतात. त्यासाठी माती मऊ हवी. या पट्ट्यांमुळे ओल्या हातातून मडकं निसटतही नाही. सरडे, विंचू, मगरी, साप मात्र टोकदार काडीने कोरायचे, तेही माती थोडी घट्ट झाल्यावर. घाई केली तर रेघेच्या दोन्ही कडांना माती उचलली जाते. उशीर केला तर टवके उडतात.

भाजणं उघड्यावर, लाकूड आणि सुक्या गवतात. आत ओल राहिली तर वाफ होऊन मडकं फुटतं. आगीतून काढलेल्या गरम मडक्यावर पार्किया नावाच्या झाडाच्या शेंगांचा काढा शिंपडतात. त्याने तपकिरी रंग चढतो आणि पाझर कमी होतो. (आपल्या बागांमधला चेंडूफळाचा वृक्ष याच्याच जातकुळीतला.)

मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराने अबुजात, म्हणजे आजच्या सुलेजात, प्रशिक्षण केंद्र काढलं. १९५४ साली लाडी क्वाली तिथे दाखल झाल्या. घडवण्याची रीत तीच राहिली, पण आता कोरलेल्या रेघांत पांढरी माती भरून वर झिलई दिली जाई आणि मडकं बंद भट्टीत १२०० अंशांच्या वर भाजलं जाई. हिरवट झिलईखालचे ते पांढरे सरडे देखणे खरेच, पण त्या मडक्यात पाणी गार होत नाही. पाझरच बंद झाला, तर बाष्पीभवन कुठून होणार? पिण्याच्या पाण्याला गवतात भाजलेलंच मडकं बरं.