प्लास्टर निघालं, पुढे काय?

श्रोतेहो, नमस्कार. पन्नाशी उलटलेलं माणूस चालता चालता घसरलं आणि हाड मोडलं, तर सगळा दोष घसरण्याला देऊ नका. हाड आधीच ठिसूळ झालेलं असू शकतं. आणि असं एकदा मोडलं, की पुन्हा मोडण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. एकदा मोडलं, की दुप्पट. हे मी आज पुन्हा म्हणणार आहे.

२६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होतं, आठवतं? मी मावशीकडे गेलो होतो. अख्खी सोसायटी गच्चीवर. शेजारच्या काकूंचा नातू ग्रहण बघायला घरातले एक्स-रे घेऊन धावत वर आला. मी आधी ते काढून घेतले. एक्स-रेच्या फिल्ममधून सूर्य बघू नये हो, डोळ्याचा पडदा भाजतो. ग्रहणाचे चष्मे स्वस्तात मिळतात. दर ग्रहणाला मी हे सांगतो आणि दर ग्रहणाला कुणीतरी फिल्म घेऊन येतंच.

पण मी पडलो हाडांचा डॉक्टर. फिल्म हातात आली की उजेडाकडे धरल्याशिवाय राहवत नाही. सूर्याकडे पाठ केली आणि बघितलं. पहिल्या फिल्मवर मोडलेलं मनगट. दुसरीवर कमरेचे मणके, बाजूने काढलेले, आणि त्यातला एक पुढून चेपून पाचरीसारखा झालेला.

"कुणाचे रे हे?"

"आजीचे."

"दोन्ही?"

"हो. गादीखाली होते."

खाली गेलो. काकू ग्रहण पाळत होत्या. पाण्यावर तुळशीपत्र, गॅस बंद. म्हणाल्या, "अरे, ते मनगट जुनं. मोरीत घसरले होते. सहा आठवडे प्लास्टर होतं, काढल्यावर म्हणाले बोटं हलवत राहा, झालं." आणि कंबर? "ती नंतर, कळशी उचलताना. ते दुसरे डॉक्टर. पट्टा दिला, शेक घ्यायला सांगितलं. वाताचंच असणार." मग उठता उठता सहज बोलल्या, "हल्ली मेली साडीच लांब पडते. निऱ्या किती वर खोचू?"

साडी लांब झाली नव्हती, काकू बुटक्या झाल्या होत्या. मणका चेपला की उंची जाते. मनगटाचं प्लास्टर नीट होतं, कमरेचा पट्टाही ठीक होता. पण मनगटवाल्यांनी बाकीची हाडं तपासली नाहीत, कंबरवाल्यांनी मनगट विचारलं नाही. त्या दोन फिल्मची गाठ पडली ती गादीखाली.

डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी केली. तिचा आकडा उणे अडीच किंवा त्याखाली असला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात; काकूंचा उणे तीनच्याही खाली. आठवड्याला एक अशी गोळी सुरू केली. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहाबरोबर नाही. नंतर अर्धा तास काही खायचं नाही. आणि आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळजळते. काकूंनी गुरुवार धरला. त्या दिवशी पूजा होईपर्यंत त्या तसंही काही खात नाहीत. गोळी घ्यायची, माळ घेऊन ताठ बसायचं. अर्ध्या तासाचा जप गोळीच्या कामी आला!

नातवानं गच्चीवर नकळत जे केलं, तेच काम ठरवून करणारी सोय स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला १९९९ च्या सुमारास सुरू झाली. नाव फ्रॅक्चर लिएझन सर्व्हिस. फ्रॅक्चर होऊन आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाची नोंद एक नर्स ठेवते, डेक्सा करवते, औषध सुरू होईल हे बघते, घरच्या डॉक्टरांना कळवते. आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशननं २०१२ साली हीच कल्पना जगभर न्यायला घेतली. खुबा मोडून येणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांचं आधी कुठलं ना कुठलं हाड मोडलेलं असतं. पुन्हा सांगतो, एकदा मोडलं, की दुप्पट.

जाता जाता, ओल्या मोरीत आरशासारख्या टाइल्स बसवणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. घर झकपक होतं आणि म्हातारी माणसं भिंत धरून अंघोळ करतात.

तुमच्या गावात अशी नर्स नसेल, तर तिचं काम घरातल्या एकानं करावं. प्लास्टर काढायला जाल तेव्हा जुने एक्स-रे सोबत न्या आणि तिथंच विचारा: डेक्सा कधी करायची, ड जीवनसत्त्व तपासायचं का, औषध कोण सुरू करणार? नुसत्या कॅल्शियमच्या गोळीवर परत येऊ नका. आधीच मोडलेल्या हाडाला बहुधा तेवढं पुरत नाही. आणि डेनोसुमॅब नावाचं, ठिसूळ हाडांसाठी दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन चालू असेल, तर तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लिहा. ते मध्येच सोडलं तर मणके एकामागून एक चेपू शकतात. थांबवायचंच असेल, तर त्याजागी दुसरं औषध कोणतं, हे डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या. नमस्कार.