परळ, प्रभादेवी आणि तीन रेझिस्टर

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. गणपतीच्या आदल्या रात्री मंडपावर माळा सोडायचं काम आम्हा पोरांकडे असायचं, आणि दर वर्षी एक तरी माळ दगा द्यायचीच. तेव्हाची माळ म्हणजे सहा व्होल्टचे चिमुकले बल्ब, अडतीस-चाळीस एकामागे एक ओवलेले, आणि टोकाला दोन पिनांचा प्लग. २३० ला ६ ने भागा, अडतीसच्या आसपास उत्तर येतं, हिशेब तोच. एक बल्ब गेला की अख्खी माळ काळोखात. मग आम्ही एक चांगला बल्ब हातात घेऊन प्रत्येक जागी लावून बघायचो. चाळीस जागा! रात्रीचे दोन वाजायचे.

तळमजल्यावर एक वायरमन काका राहायचे. एका वर्षी त्यांना आमची दया आली. खिशातला टेस्टर काढला, प्लग तसाच चालू ठेवला आणि माळेच्या बरोबर मध्यावर टेस्टर टेकवला. पेटला. मग उरलेल्या निम्म्याच्या मध्यावर. नाही पेटला. पुन्हा मधे, पुन्हा मधे. पाच-सहा ठिकाणी टेकवून झाल्यावर एका बल्बावर बोट ठेवलं, "हा" म्हणाले आणि बिडी शिलगावून निघून गेले. (तुम्ही चालू माळेला हात लावायचा नाही. ते काका होते आणि तो काळ वेगळा होता.)

मी पुढे पंचवीस-तीस वर्षं डिप्लोमाच्या मुलांना सर्किट शिकवलं, पण आजही व्याख्यानाची सुरुवात त्या टेस्टरपासूनच करतो. काकांनी काय केलं? माळ तुटलेली, म्हणजे करंट शून्य. ओहमचा नियम म्हणतो, रोधातून (करंटला अडवणाऱ्या भागातून, इथे बल्बातून) करंट गेला तरच त्याच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरक पडतो. करंट नाही, तर चांगल्या बल्बांत फरकही नाही. म्हणून फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेच्या, बाजूचे सगळे बल्ब, अगदी मेलेल्या बल्बाच्या उंबरठ्यापर्यंत, फेजच्याच व्होल्टेजवर. पलीकडचे सगळे न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या तारेच्या. आणि पूर्ण २३० व्होल्ट कुठे? त्या एकट्या मेलेल्या बल्बाच्या दोन टोकांत. 'सहा व्होल्टचा तर बल्ब, काय होतंय' म्हणून जो तो होल्डर चाचपतो, त्याला सहाचा नाही, २३० चा झटका बसतो.

इथे एक शब्द पक्का करून घेऊ. करंट तारेतून वाहतो. व्होल्टेज वाहत नाही. व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंमधलं असतं. परीक्षेच्या पेपरात 'रोधातून १२ व्होल्ट वाहतात' असं वाचलं की माझी लाल पेन्सिल आपोआप चालायची.

ओहमचा नियम तुम्हाला पाठ आहे: व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध. तो आज इतका साधा वाटतो की तो शोधावा लागला हेच पटत नाही. जॉर्ज ओहम हा जर्मनीतल्या कोलोनच्या शाळेतला मास्तर, कुलूपवाल्याचा मुलगा. त्याच्या काळच्या बॅटऱ्या प्रयोग संपायच्या आत मलूल व्हायच्या, मोजायचं काय? शेवटी त्याने बॅटरी टाकली आणि तांबं-बिस्मथचे सांधे घेतले, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात; दोन सांध्यांच्या तापमानातल्या फरकानेच व्होल्टेज तयार होतं. व्होल्टेज अगदी किरकोळ, पण ठाम. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. आता याला नियम म्हणायचं की काही पदार्थांचा स्वभाव, यावर मी थोडा भांडखोर आहे. २३० व्होल्टवर जळणारा ६० वॉटचा पिवळा बल्ब सुमारे ८८० ओहमचा असतो. तोच थंड असताना मीटर लावा, जेमतेम साठ-सत्तर ओहम दिसतील. फिलामेंट तापतं तसा रोध वाढतो. आज मात्र आपले रोध शहाण्यासारखे वागतात असं धरू.

आता मूळ मुद्दा. एकसर (एकामागे एक, सिरीज) जोडणीत रोधांची बेरीज करायची, समांतर (त्याच दोन बिंदूंमध्ये, पॅरलल) जोडणीत व्यस्तांची बेरीज करायची, हे सगळ्यांना येतं. तरी मुलं गणितात आपटतात, कारण ती चित्राकडे बघतात. एका रेषेत काढलेलं दिसलं की एकसर, एकाखाली एक दिसलं की समांतर. अहो, चित्र काढणाऱ्याने कागद कसा धरला यावर वीज चालत नाही.

परळ आणि प्रभादेवी घ्या. एक मध्य रेल्वेवर, एक पश्चिम रेल्वेवर. नावं दोन, तिकीटखिडक्या दोन, नकाशात ठिपके दोन. पण मधला पूल ओलांडला की झालं. बिनरोधाची तार म्हणजे असा पूल, त्यावर गर्दी मात्र नाही. तारेने जोडलेली सगळी ठिकाणं म्हणजे एकच बिंदू, कागदावर ती कितीही लांब असोत.

फळ्यावर बघा. डावीकडून उजवीकडे चार ठिपके: अ, ब, क, ड. अ-ब मध्ये ६ किलोओहम, ब-क मध्ये ३, क-ड मध्ये २. (लॅमिंग्टन रोडला सहाचा मागाल तर दुकानदार ६.२ चा देईल, प्रमाणित मालिकेत सहा नाही. फळ्यावर चालतं.) आता अ पासून क पर्यंत एक तार वरून टाकली आणि ब पासून ड पर्यंत एक तार खालून. बॅटरी ६ व्होल्टची, अधिक टोक अ ला, उणं ड ला. एकूण रोध किती? हात वर करा. अकरा म्हणणारे बरेच दिसतात.

आता रंगीत खडू घ्या. अ आणि क तारेने जोडलेले, म्हणून दोघांना लाल. ब आणि ड जोडलेले, दोघांना निळा. पहिला रोध लाल-निळ्यामध्ये. दुसरा, क लाल, ब निळा, तोही लाल-निळ्यामध्ये. तिसराही. म्हणजे तिन्ही समांतर! एक षष्ठांश अधिक एक तृतीयांश अधिक एक द्वितीयांश, बेरीज एक. उत्तर १ किलोओहम. अकरा कुठे आणि एक कुठे. करंट १, २ आणि ३ मिलिअँपिअर, मिळून ६. आणि गंमत बघा, मधल्या रोधात करंट क कडून ब कडे, म्हणजे फळ्यावर उजवीकडून डावीकडे जातो. चित्रात सगळे एका ओळीत चालल्यासारखे दिसतात आणि मधला पठ्ठ्या उलटा निघालेला असतो.

म्हणून माझा हट्ट: सर्किट हातात आलं की सूत्राला हात लावू नका. आधी खडू. किती रंग लागले ते मोजा.

रंग मोजून झाले की किर्खोफ. गुस्ताव किर्खोफने हे दोन नियम १८४५ मध्ये मांडले तेव्हा तो क्योनिग्सबर्गला विद्यार्थी होता, वय एकवीस. पहिला नियम: एका बिंदूत जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो. इथे दादर स्टेशनचं उदाहरण द्यायचा मोह होतो, पण ते चुकीचं आहे. दादरला माणसं साचतात, सहा वाजता तर पाय ठेवायला जागा नसते. बिंदूत विद्युतभार साचत नाही, एका क्षणाचाही नाही. दुसरा नियम: चौपाटीवरून मलबार हिल चढलात, हँगिंग गार्डनला फिरलात आणि वाटेल त्या रस्त्याने पुन्हा चौपाटीवर आलात, तर एकूण चढ आणि एकूण उतार सारखाच. सर्किटमध्ये कुठूनही निघून तिथेच परत आलात की व्होल्टेजच्या चढउतारांची बेरीज शून्य.

मुलं दुसऱ्या नियमाने कड्या, म्हणजे सर्किटमधल्या बंद वाटा, काढत बसतात, तीन-तीन समीकरणं मांडतात, चिन्हांत घोळ घालतात. मला बिंदूची रीत जवळची. प्रत्येक रंगाला एकदा एक उंची, म्हणजे व्होल्टेज, दिली की दुसरा नियम न बोलता पाळलाच जातो.

एक करून दाखवतो. १२ व्होल्टची बॅटरी, तिच्यापासून २ किलोओहम एका बिंदूला. ६ व्होल्टची दुसरी बॅटरी, तिच्यापासूनही २ किलोओहम त्याच बिंदूला. आणि त्या बिंदूपासून ८ किलोओहम जमिनीला, म्हणजे ज्याला आपण शून्य व्होल्ट धरतो त्या बिंदूला. दोन्ही बॅटऱ्यांची उणी टोकंही जमिनीला, ती शून्य. माहीत नसलेला रंग एकच, त्याची उंची 'व' म्हणा. मग

(१२ − व)/२ + (६ − व)/२ = व/८

आठने गुणा: ७२ वजा ८व बरोबर व. व आला ८ व्होल्ट. संपलं. पहिल्या बॅटरीकडून २ मिलिअँपिअर आत. दुसरीकडून ६ वजा ८ भागिले २, म्हणजे उणे १. इथे मुलं थबकतात, खोडरबर काढतात. काढू नका! उणे म्हणजे चूक नाही, दिशा. दुसरी बॅटरी करंट देत नाही, घेते आहे; पहिली तिला चार्ज करते. उरलेला १ मिलिअँपिअर ८ किलोओहममधून जमिनीला. दोन आले, एक आणि एक गेले.

एकसर-समांतर ही फक्त पुस्तकातली जोडणी नाही. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. हार्बरवर ती डीसी २०१६ च्या एप्रिलपर्यंत टिकली. तुमच्यातल्या मोठ्यांना जुनी लोकल सुटताना बसणारे ते बारीक बारीक हिसके आठवत असतील. उभी मोटार म्हणजे जवळजवळ नुसती जाड तांब्याची तार. १५०० व्होल्ट थेट दिले तर करंट बेफाम. म्हणून मोटारींच्या मागे लोखंडी ग्रिडचे रोध एकसर जोडलेले असायचे. गाडी वेग घेते तशी फिरणारी मोटार स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, मग रोध एकेक करून वगळायचे. प्रत्येक वगळण्याला एक हिसका. सुरुवातीला चारही मोटारी एकसर, प्रत्येकीच्या वाट्याला फार तर ३७५ व्होल्ट. पुढे दोन-दोनच्या दोन समांतर फांद्या, प्रत्येकीला ७५० पर्यंत. त्या रोधांत जळणारी वीज निव्वळ उष्णता होऊन वाया जायची, हे खरंच. पण डोअरला लटकलेल्या माणसाला एकसरमधून समांतरमध्ये गेल्याचं पायात कळायचं, एवढं चांगलं प्रात्यक्षिक मी वर्गात कधी देऊ शकलो नाही.

आता हा घन बघा. बारा कडा, प्रत्येक कडेला एक १ किलोओहमचा रेझिस्टर, मीच सोल्डर केलाय. समोरासमोरच्या दोन सर्वांत दूरच्या कोपऱ्यांत रोध किती? बारा रोध बघून घाबरू नका, खडू घ्या. पहिल्या कोपऱ्याचे तिन्ही शेजारी अगदी सारखे, तिघांची उंची एकच असणार. मग त्यांना एकच रंग, मनातल्या मनात तारेने जोडून टाका. एकाच उंचीवरच्या बिंदूंना जोडलं तर त्या तारेतून काहीच जात नाही, सर्किटला पत्ताही लागत नाही. शेवटच्या कोपऱ्याचे तीन शेजारीही तसेच. उरले चार रंग. पहिल्या-दुसऱ्यात तीन रोध समांतर, दुसऱ्या-तिसऱ्यात सहा, तिसऱ्या-चौथ्यात तीन. एक तृतीयांश, एक षष्ठांश, एक तृतीयांश, एकसर. पाच षष्ठांश किलोओहम, म्हणजे ८३३ ओहम.

माझ्या मीटरवर ८२६ येतं. पाच टक्केवाले रेझिस्टर आहेत, म्हणजे छापील आकड्यापासून पाच टक्के इकडे-तिकडे, चालायचंच. घन आणि मीटर मागच्या रांगेपर्यंत फिरवा. काही जण मीटर लावताना बोटं दोन्ही टोकांना धरतील. तेव्हा तुमचं शरीरही समांतर जोडलं जातं, पण ८०० ओहमच्या शेजारी त्याचा फरक मीटरला जाणवणार नाही. लाखभर ओहमचा रेझिस्टर घेऊन तेच करा आणि आकडा किती खाली येतो ते मला सांगा.