ओपलचे वजन कोरडे असतानाच घ्यावे

मंडळी, ओपलची हाताळणी, साठवण आणि नोंद या तिन्हींविषयी बोलायचे मी कबूल केले आहे. पण नोंदीचा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा असल्यामुळे आरंभ तिथूनच करतो, आणि त्यासाठी घरातली एक हकीकत सांगणे भाग आहे.

वहिनींच्या अंगठीतला ओपल कोंदणातून सुटला, म्हणून आपल्या इंदूरच्याच सराफ्यात एका कारागिराकडे तो पुडीत बांधून, वर ४.२० कॅरट असे लिहून दिला. चार दिवसांनी त्याने पुडी उलगडली, तेव्हा आतला खडा काचेसारखा आरपार दिसत होता, हिरव्या-केशरी रंगांचा मागमूस नव्हता आणि काट्यावर तो ४.५५ भरला. खडा बदलला, असे मी भर दुकानात बोललो. रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवला होता, याखेरीज आपण काही केले नाही, असे तो पुनःपुन्हा सांगत राहिला. खडा घरी आणून कपाटात ठेवला. दहा दिवसांनी पाहतो तो रंग परत आलेले आणि वजन पुन्हा ४.२०. दुसऱ्याच दिवशी जाऊन मी त्याची माफी मागितली, पण माझे बोलणे ज्या गिऱ्हाइकांनी ऐकले होते त्यांना गाठणे शक्य नव्हते, आणि ते मला आजही सलते.

ओपल म्हणजे पाणी धरून असलेली सिलिका. तिच्या अतिसूक्ष्म गोलकांच्या शिस्तशीर रचनेमुळे रंग खेळतात, हे १९६४ साली ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसले. वहिनींचा खडा इथिओपियातल्या वेलोचा. तिथले ओपल बहुधा सच्छिद्र असतात आणि पाणी शोषून जड व पारदर्शक होतात. पाणी उडून जाते, तेल-अत्तराचा डाग मात्र राहू शकतो. शुक्रासाठी अंगठी घालणारे ती आधी दुधात बुडवतात. वेलोच्या खड्याला तेही टाळावे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले भराभर सांगतो. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या एक ते दहाच्या मोह्स श्रेणीत ओपलचा कठीणपणा साधारण साडेपाच ते साडेसहा, आणि धुळीतल्या क्वार्ट्झचा सात. म्हणून कोरड्या फडक्याने घासू नये, आधी धूळ फुंकून टाकावी. स्वच्छतेसाठी अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वाफ दोन्ही वर्ज्य. एकदम उष्णता लागली तर खडा तडकतो. मे महिन्यात तो बंद मोटारीत ठेवू नये. प्रत्येक खडा वेगळ्या मऊ पुडीत ठेवावा आणि ओल शोषणाऱ्या पुड्या त्याच्याजवळ नसाव्यात. डब्लेट-ट्रिप्लेट, म्हणजे ओपलचा पातळ थर दुसऱ्या एक-दोन थरांशी जोडून केलेले खडे, चिकटवलेले असतात, ते पाण्यात घालू नयेत.

नोंदवहीत प्रत्येक खड्याला क्रमांक द्यावा, तोच पुडीवर लिहावा. कोरडे वजन, तारीख, मिलिमीटरमधली मापे आणि एकाच प्रकाशात काळ्या व पांढऱ्या कागदावर काढलेली छायाचित्रे जोडावीत. खडा बाहेर जाताना घेणाऱ्याची सही घ्यावी, आणि परत आल्यावर वजन जास्त भरले तर तो वाळेपर्यंत थांबावे, कोणावर आळ घेऊ नये.

या टेबलावर वहिनींचा खडा ठेवला आहे. जवळ येऊन जरूर पाहा, पण हाताला अत्तर असेल तर शेजारी ठेवलेला प्लॅस्टिकचा चिमटा वापरा.