घटकाभर

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळी दारात कुणी आलं की आपण म्हणतो, 'या, घटकाभर टेका.' ही घटका म्हणजे नेमकी २४ मिनिटं. पूर्वी पाण्यावर तांब्याची वाटी सोडत, तिच्या बुडाला बारीक छिद्र असे. पाणी आत झिरपत जाऊन वाटी बुडाली की घटका भरली. दिवस-रात्र मिळून अशा ६० घटका. त्यांतली एकसुद्धा माझ्या वाट्याला का येत नाही, हा प्रश्न मला तीन वर्षांपूर्वी पडला. आज त्याबद्दलच बोलायचंय.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. शाळा एसटीनं पाऊण तासावर. घरी सासूबाई, यजमान आणि दोन मुलं. रात्री पाठ टेकली की अंग ठणकायचं आणि सकाळी उठावं तर कालचा शीण तसाच अंगावर. एके रात्री मुलगी म्हणाली, 'आई, हल्ली मी काहीही सांगितलं तरी तू नुसतं हं म्हणतेस.' ते फार लागलं मला.

आधी डॉक्टरांकडे गेले, आणि तुम्हालाही पहिल्यांदा तेच सांगेन. सतत थकवा येत असेल तर वेळापत्रक आखायच्या आधी रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे दोघींतल्या एकीहून जास्त. माझंही हिमोग्लोबिन कमीच निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि एक गोष्ट बजावली : जेवणाला लागून चहा घेऊ नका, चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

चहाचा विषय निघाला तो असा. गोळ्या सुरू झाल्या, बरंही वाटू लागलं, पण दिवस काही माझ्या हाती येईना. मग मुलाच्या जुन्या वहीची कोरी पानं घेतली आणि आठ दिवस नुसतं लिहीत गेले. किती वाजता काय केलं, एवढंच. काही सुधारायचं नाही, कुणाला बोल लावायचा नाही.

आठव्या दिवशी वही वाचली, तर त्यात चहाच चहा! सकाळी सहाला यजमानांचा. पावणेसातला सासूबाईंचा, आलं ठेचून, कमी साखरेचा. आठला मुलाचा. संध्याकाळी मी आल्यावर एक आणि साडेसातला पुन्हा एक. पातेलं ठेवायचं, उकळी येईपर्यंत तिथंच उभं राहायचं, गाळायचं, नेऊन द्यायचं, कप गोळा करून विसळायचे. एका चहाला बारा मिनिटं. पाच चहांचा झाला तास, म्हणजे अडीच घटका.

पण श्रोतेहो, मला थकवत होता तो हा तास नव्हे. त्या तासानं बाकीच्या दिवसाचे तुकडे केले होते. वह्या तपासायला बसावं, चार वह्या होतात तोवर उठावं लागायचं. परत येऊन बसलं की लाल पेन शोधा, पाचव्या वहीतलं गणित पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचा. कामानं माणूस दमतो हे खरंच, पण अर्ध्यावर सोडलेलं काम पुन:पुन्हा उचलताना तो जास्त दमतो. हे मला त्या वहीनं दाखवलं.

केंद्र सरकारनं २०२४ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. आपल्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि घरकामात हात घालणाऱ्या पुरुषाची ८८. आपल्या हिशेबात सांगायचं तर बाईच्या बारा घटका आणि पुरुषाच्या चारसुद्धा नाहीत. म्हणून 'पहाटे लवकर उठा म्हणजे वेळ मिळेल' हा सल्ला मला पटत नाही. जी बाई आधीच पाचला उठते, तिनं आणखी किती लवकर उठायचं? तिची झोप कापून काढलेला वेळ हा वेळच नव्हे. घरातलं काम वाटलं गेलं पाहिजे, त्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

मी भांडले नाही. वही जेवणाच्या टेबलावर ठेवली. यजमानांनी ती वाचली, मागची पानं उलटून पुन्हा वाचली, आणि त्या रात्री जेवण झाल्यावर ओटा त्यांनी आवरला. आजही तेच आवरतात. पण मला खरं उत्तर दिलं ते सासूबाईंनी. भीत भीतच विचारलं, 'आई, तुमचा चहा थर्मासमध्ये ठेवला तर चालेल का?' त्या म्हणाल्या, 'अगं, माझा मी करून घेईन की. तूच मला ओट्याशी उभं राहू देत नव्हतीस.' गेली कित्येक वर्षं मी कर्तव्य म्हणून करत होते, आणि त्यांना वाटत होतं, आपल्याला कुणी विचारतच नाही.

साडेसातचा चहा आम्ही बंदच केला. चहातल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनंतरही शरीरात असतं, मग अकराला झोप कशी लागणार? झोपेची वेळही आता ठरलेली आहे, सुटीच्या दिवशीसुद्धा. आपल्या शरीराच्या आतलं घड्याळ कसं चालतं याचा शोध घेणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी ते फळमाशीत शोधलं, आणि तसंच घड्याळ आपल्यातही आहे. आठवडाभर पाचला उठायचं आणि रविवारी नऊपर्यंत लोळायचं, तर ते गोंधळतं, आणि सोमवार जड जातो. फोनचं मात्र अजून पूर्ण जमलेलं नाही. 'पाच मिनिटं बघते' म्हणून हातात घेतला की अर्धा तास कसा जातो ते वहीत आहेच. सध्या तो रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते आणि मधलं दार ओढून घेते.

ज्या भगिनी पाळीनं काम करतात, ज्यांच्या अंगावर पितं बाळ आहे, ज्या सुगीत दिवसभर रानात असतात, त्यांना माझं वेळापत्रक लागू पडणार नाही. त्यांनी आठ दिवस लिहून मात्र पाहावं. लिहायला सवड नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला सांगावं, तो हौसेनं लिहील.

वाचलेल्या वेळातली एक घटका मी कुणाला दिली नाही. साडेसात वाजता, जेव्हा पूर्वी पाचवा चहा ठेवायचे, तेव्हा अंगणातल्या पायरीवर बसते. तिथं काहीच करायचं नाही, भाजीसुद्धा निवडायची नाही, असं ठरवलंय. पहिले चार दिवस हात रिकामे ठेवणं अवघड गेलं. पाचव्या दिवशी मुलगी शेजारी येऊन टेकली आणि खो-खोच्या सामन्यात ती कशी बाद झाली ते सांगू लागली. मध्ये थांबून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, 'मग? खांबापाशी कोण होतं?' आणि तिनं सगळा सामना पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला.

नमस्कार.